नाव बदलल्याने व्हिडिओचे रूपांतर होत नाही

बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर लग्नाच्या चित्रफितींबरोबर एक जुनी सूचना फिरते: फाइलच्या नावातील ‘एमकेव्ही’ खोडून ‘एमपी४’ लिहिले की व्हिडिओचे रूपांतर होते. हा समज स्वाभाविक आहे, कारण त्यानंतर फाइल पुष्कळदा चालतेही. मात्र ती चालते ती अनेक प्लेअर नावावर विसंबून न राहता फाइलच्या आरंभीची माहिती वाचतात म्हणून. एमकेव्ही आणि एमपी४ ही चित्र व आवाज एकत्र ठेवणारी केवळ वेष्टने असून आतील चित्र एच.२६४ किंवा एच.२६५ अशा कोडेकने, म्हणजे चित्र लहान आकारात साठवण्याच्या पद्धतीने, आकुंचित केलेले असते. नाव बदलल्याने यांपैकी काहीच बदलत नाही. पडताळण्यासाठी फाइलचा बाइटमधील आकार आणि व्हीएलसी या प्लेअरमधील कोडेकची माहिती आधी व नंतर पाहावी. दोन्ही तंतोतंत तीच राहतात. केवळ वेष्टन बदलायचे असेल, तर एफएफएमपेग हे मोफत साधन चित्र पुन्हा आकुंचित न करता, म्हणजेच दर्जा न घटवता, ते काम करू शकते.