शुक्रवारचे परीक्षण आणि मराठीचा अर्धा तारा : पार्श्वभूमी

मुंबईतल्या मराठी दैनिकाच्या चित्रपट समीक्षकाचा आठवडा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पार बदलला. परीक्षण रविवारच्या पुरवणीतून निघून शुक्रवार-शनिवारच्या पानावर आले आणि त्याच्या डोक्यावर चित्रपटाला पाचपैकी गुण देणारे तारे बसले. प्रेस शो, म्हणजे प्रदर्शनाआधीचा पत्रकारांसाठीचा खेळ, कोणाला दाखवायचा, परीक्षण कधी छापू द्यायचे, यावर आज जी धुसफूस चालते ती याच दोन बदलांतून आली आहे.

प्रेस शोची रीत मात्र नवी नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, पण त्याआधी 21 एप्रिलला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला होता आणि त्यात वृत्तपत्रांचे संपादकही होते. पुढे 1935 मध्ये मुंबईतून निघालेल्या एका इंग्रजी मासिकाच्या संपादकाने लेखणीच्या जोरावर निर्मात्यांना धाक बसवला. मराठी परीक्षणाला खरी शिस्त लागली ती फिल्म सोसायटीच्या, म्हणजे सभासदांना निवडक चित्रपट दाखवणाऱ्या मंडळांच्या चळवळीमुळे. 1968 मध्ये मराठी मंडळींनी मुंबईत उभ्या केलेल्या एका सोसायटीत जगभरचा सिनेमा पाहून घडलेली माणसे पुढे दैनिकांत लिहू लागली. कथासार आणि ‘छायाचित्रण ठीक’ एवढ्यावर भागणारे परीक्षण त्यांच्यामुळे मागे पडत गेले.

तेव्हाची घाई वेगळ्या जातीची होती. शुक्रवारी वितरकाच्या पासावर किंवा पदरचे पैसे घालून प्लाझा, चित्रा नाहीतर भारतमाताला पहिला खेळ पाहायचा, शनिवारी मजकूर द्यायचा. रविवार पुरवणीची पाने आधीच लागलेली असली, तर परीक्षण पुढच्या रविवारी जाई आणि कोणाचे काही बिघडत नसे. चाललेला चित्रपट पंचवीस आठवडे मुक्काम ठोकून असायचा. वाचकही चित्रपट पाहून आल्यावर परीक्षण वाचायचा, ताडून पाहायचा, पटले नाही तर पोस्टकार्ड टाकायचा.

2001 मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली आणि हे गणित मोडले. पडदे वाढले, एकाच दिवशी शेकडो पडद्यांवर चित्रपट लावता येऊ लागला आणि कमाईचा भार पहिल्या तीन दिवसांवर आला. मराठी चित्रपटाची अवस्था आणखी बिकट होती. त्याला दुपारचा एखादा आडवेळचा खेळ मिळायचा आणि सोमवारी तोही जायचा. एप्रिल 2015 मध्ये सरकारला मराठी चित्रपटासाठी प्राइम टाइमची सक्ती जाहीर करावी लागली. ओरड झाल्यावर संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. अशा परिस्थितीत रविवारी छापलेले परीक्षण म्हणजे चित्रपटाचा मृत्युलेखच ठरायचा. परीक्षण अलीकडे आणण्याचा निर्णय त्यामुळे चुकीचा म्हणता येत नाही.

त्याची किंमत मात्र समीक्षकाने मोजली. परीक्षण शुक्रवारी सकाळी हवे म्हणजे चित्रपट बुधवारी-गुरुवारी पाहायला हवा, आणि तो दाखवणे सर्वस्वी निर्मात्याच्या मर्जीवर. वांद्रे, जुहू, सांताक्रूझ, अंधेरी इथल्या छोट्या प्रिव्ह्यू थिएटरांत खेळ, बाहेर निर्माता आणि पीआरची माणसे हसतमुखाने उभी, “कसा वाटला?” हा प्रश्न दारातच. तिथून लोकलने कचेरी गाठायची, तीनशे-चारशे शब्द रात्री पान सुटायच्या आत द्यायचे. बहुतेकांची ही पूर्णवेळ नोकरी नव्हतीच. उपसंपादकाने डेस्कची पाळी सांभाळून किंवा बाहेरच्या लेखकाने तुटपुंज्या मानधनावर केलेले हे काम. त्याच माणसाला त्याच आठवड्यात त्याच चित्रपटाच्या नायकाची मुलाखतही आणावी लागायची. ज्याच्याशी सकाळी चहा घ्यायचा त्याच्याबद्दल रात्री परखड लिहायचे, हे सोपे नाही. तरीही असे लिहिणारे होते, आणि त्यातल्या काहींना पुढच्या प्रेस शोचे आमंत्रण आले नाही.

आता ताऱ्यांविषयी. इंग्रजी दैनिकांत ते आधीपासून होते. मराठीत ते या शतकाच्या पहिल्या दशकात सर्रास झाले. हा निर्णय समीक्षकांना विचारून झाला असे फारसे कुठे दिसत नाही. पान आकर्षक दिसावे, घाईतल्या वाचकाला एका नजरेत कळावे, जाहिरातीत उचलायला निर्मात्याला काही मिळावे, अशा कारणांनी तारे आले. समर्थकांची बाजू पोकळ नाही. डोंबिवलीहून चौघांचे कुटुंब तिकिटे, प्रवास, मध्यंतरातले खाणे असा खर्च करून जाणार असेल, तर त्याला आधी स्पष्ट सल्ला मिळणे हा त्याचा हक्क आहे. पण ताऱ्यांनी परीक्षण वाचायचे कारणच काढून घेतले. लेखक तीन परिच्छेदांत अभिनयाचे मोठेपण आणि पटकथेचा सैलपणा वेगवेगळा तोलतो, आणि वर अडीच तारे पाहून वाचक पान उलटतो.

मराठीत या ताऱ्यांना आणखी एक गाठ पडली. 2004 मध्ये ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. मराठी चित्रपटाला हा सन्मान ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मिळत होता. नव्या दिग्दर्शकांची फळी आली आणि त्यासोबत एक अलिखित अपेक्षाही आली : मराठी चित्रपटाला सांभाळून घ्या. हिंदीला दोन तारे देता तिथे मराठीला अडीच द्या. निर्मात्याने घर गहाण टाकले आहे, जाहिरातीला पैसे नाहीत, खेळ मिळत नाहीत. मराठी दैनिकानेच पाठीवर हात ठेवला नाही तर कोण ठेवणार? ही विनवणी करणारी माणसे खोटी नव्हती आणि त्यांची अडचणही खरी होती. अनेक समीक्षकांनी तो अर्धा तारा दिला, काहींनी मनापासून, काहींनी वरून निरोप आला म्हणून.

माझ्या मते या अर्ध्या ताऱ्याने मराठी चित्रपटाचेच नुकसान केले. कष्टाने केलेल्या उत्तम चित्रपटाला साडेतीन आणि सांभाळून घेतलेल्या सुमार चित्रपटाला तीन मिळाले, की वाचकाला दोघांतला फरक कळत नाही. तो दोनदा फसतो आणि तिसऱ्यांदा खराखुरा चांगला चित्रपट आला तरी घरी बसतो. कमी पडद्यांवर लागलेल्या चित्रपटाला जागा हवी होती, सविस्तर लेख हवा होता, पहिल्या पानावर उल्लेख हवा होता. ते देण्याऐवजी गुण वाढवून दिले गेले, कारण त्याला खर्च येत नव्हता.

त्यातच 2003 मध्ये एका बड्या इंग्रजी वृत्तसमूहाने मनोरंजन पुरवण्यांतली प्रसिद्धी रीतसर विकायला सुरुवात केली. परीक्षण त्यात मोडत नव्हते, पण शेजारची बातमी पैसे देऊन आलेली असू शकते हे कळल्यावर वाचकाने सगळ्याच पानाकडे संशयाने पाहिले. एक पैसाही न घेतलेल्या समीक्षकालाही “किती मिळाले?” हे ऐकावे लागले.

मार्च 2020 मध्ये चित्रपटगृहे बंद झाली. नोव्हेंबरात उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली, आणि राज्यात 22 ऑक्टोबर 2021 ला परत सुरू झाली. मधल्या काळात परीक्षण घरच्या पडद्यावरच्या चित्रपटांचे झाले. दैनिकांची पाने घटली, त्यात बाहेरून लिहिणाऱ्यांची सदरे आधी गेली. आता गुरुवारी रात्रीच्या खेळाला समाजमाध्यमांवरचे प्रभावक बसतात आणि मध्यंतरातच निकाल लागतो. डिसेंबर 2024 मध्ये तमिळ निर्मात्यांच्या एका संघटनेने पहिले तीन दिवस परीक्षणे रोखावीत म्हणून मद्रास उच्च न्यायालय गाठले. न्यायालयाने तशी मनाई केली नाही. मुंबईत न्यायालयात जायची गरजच पडत नाही. नकारात्मक परीक्षणाची धास्ती असली, की प्रेस शो गुरुवारी रात्री उशिरा ठेवतात, छापील पानाची वेळ तोवर टळलेली असते. यावर उपाय दैनिकांच्याच हातात आहे : समीक्षकाला शुक्रवारच्या पहिल्या खेळाचे तिकीट आणि प्रवासखर्च द्यावा, परीक्षण शनिवारी छापावे आणि प्रेस शोच्या आमंत्रणाची वाट पाहणे सोडून द्यावे.