आजी अचानक बरळायला लागली तर आधी सोडियम बघा

मे महिना, पंखा फुल्ल आणि तरी अंगावरचा घाम वाळत नाही, अशात घरातली ऐंशीची आजी दोन दिवसांत बदलते. परवापर्यंत पूजेची फुलं, टीव्हीवरची मालिका, सुनेला टोमणे, सगळं जागच्या जागी होतं आणि आज ती वारलेल्या आजोबांना जेवायला हाका मारतेय. किंवा नुसतीच पडून राहतेय, चार वेळा हाक मारली की एकदा हूं म्हणते. शेजारची एकजण म्हणते दृष्ट काढा, दुसरी म्हणते वय झालं आता असंच चालायचं.

मला दृष्टीपेक्षा ते "वय झालं" जास्त खटकतं. वय काय सोमवारी संध्याकाळी येत नाही. डिमेन्शिया महिने-वर्षं घेत हळूहळू येतो, पण तासांत किंवा एकदोन दिवसांत झालेला गोंधळ म्हणजे डिलिरियम, आणि त्याच्यामागे बहुतेक वेळा शोधून सापडेल असं कारण असतं. लघवीचं इन्फेक्शन (म्हाताऱ्या माणसांना यात ताप येईलच असं नाही), न्यूमोनिया, लघवी अडकणं, चार दिवस पोट साफ नसणं, झोपेची नवीन गोळी, साखर उतरणं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली तर तो स्ट्रोक असू शकतो, तिथे विचार करत न बसता १०८ लावायचा. पण आपल्याकडच्या, गोव्यातल्या वॉर्डात नातेवाइकांच्या तोंडी हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "सोडियम लो झालं".

सोडियम म्हणजे मिठातलाच एक घटक. रक्तात ते लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल (हे मोजायचं एकक) असतं. ते घसरलं की रक्त पातळ पडतं आणि पाणी पेशींच्या आत शिरतं, त्या फुगतात. बाकीच्या अवयवांना हे थोडंफार चालून जातं पण मेंदू कवटीत बंद, त्याला फुगायला जागाच नाही. म्हणून आधी मळमळ, डोकं जड, तोल जाणं, मग गोंधळ, आणि १२५ च्या खाली, त्यातही झपाट्याने गेलं, तर फिट येण्यापर्यंत मजल जाते.

आता हे म्हाताऱ्यांनाच का? तरुण पुरुषाच्या वजनातलं साधारण ६० टक्के पाणी असतं, म्हातारपणी ते ५० च्या आसपास येतं, कारण पाणी धरून ठेवतात ते स्नायू आणि तेच झिजलेले असतात. म्हणजे घरावरची टाकीच लहान झाली, थोडं कमी-जास्त झालं तरी लगेच जाणवणार. त्यात तहान बोथट होते. १९८४ साली एक छोटा पण गाजलेला प्रयोग झाला, ६७ ते ७५ वयाच्या धडधाकट पुरुषांना आणि विशीतल्या तरुणांना २४ तास पाण्याविना ठेवलं आणि मग हवं तेवढं पाणी प्यायला दिलं. गरज म्हाताऱ्यांना जास्त होती तरी त्यांना तहान कमी लागली आणि ते पाणीही कमी प्यायले. म्हणून "तहान लागली की पी गं" हे आजीला सांगून उपयोग नाही, वेळेवर पेला हातात द्यावा लागतो.

पण याच्या उलट, जास्त पाणी पिण्याच्या टोकाला जाणारेही आहेत, आणि सोडियम उतरण्याची गोष्ट इथेच अडकते. व्हॉट्सअॅपवर कोणीतरी पाठवतं की रोज तीन लिटर पाणी प्या, मुलगा दुबईहून फोन करून तेच सांगतो, आजी बिचारी पिते. आणि जेवण? दात नाहीत, भूक नाही, सकाळी पदेराचा (पाववाल्याचा) पाव चहात बुडवून, अकराला पेज, रात्री परत पेज, आणि बीपी आहे म्हणून त्यात मीठही नावाला. जास्तीचं पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडाला लघवीत विरघळवायला काहीतरी लागतं, मीठ आणि प्रथिनांपासून होणारा युरिया. नुसतं पाणी त्याला टाकता येत नाही. नीट जेवणाऱ्या माणसात असे विरघळणारे पदार्थ रोज ६०० ते ९०० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) तयार होतात. पेज-चहावर ते २५० वर आले असं धरा. तरुण मूत्रपिंड एका लिटरला ५० मिलिऑस्मोल इतकी पातळ लघवी करू शकतं, म्हणजे तरीही पाच लिटर पाणी निघेल, पण म्हातारं मूत्रपिंड १०० च्या खाली उतरत नसेल तर अडीच लिटरच्या वर जे प्यायलं ते आत साठणार. परदेशी डॉक्टरांनी हेच चहा-टोस्टवर दिवस काढणाऱ्या एकट्या म्हाताऱ्यांत पाहिलं. पेज वाईट नाही हो, माझाही जीव आहे तिच्यावर, पण तिच्याबरोबर बांगड्याचा तुकडा, अंडं, मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी), काहीतरी प्रथिनांचं पोटात जायला हवं. मूत्रपिंडाचा किंवा हार्टचा आजार असेल तर किती पाणी, किती मीठ, किती प्रथिनं हे डॉक्टरनेच ठरवायचं.

यात बीपीच्या गोळीची भर पडते. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड ही लघवी वाढवणारी औषधं चांगलीच आहेत, पण लघवी पातळ करायची मूत्रपिंडाची ताकदच ती कमी करतात. कमी वजनाच्या म्हाताऱ्या बायकांना त्याचा धोका जास्त, आणि बऱ्याचदा गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच. डिप्रेशनवरची एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फिटवरची कार्बामॅझेपिन यांनीही सोडियम उतरतं. म्हणून अशी गोळी चालू झाली की एकदोन आठवड्यांनी सोडियम तपासायचं का ते स्वतःहून विचारा. आणि गोळी मनाने बंद करू नका.

घरी मीठ-पाणी पाजून बघू, हाही मोह आवरा. कारण बहुतेक वेळा मीठ कमी पडलेलं नसतं तर पाणी जास्त झालेलं असतं, वर गुंगीतल्या माणसाला पाजलं तर ठसका लागून ते फुप्फुसात जातं. हॉस्पिटलातही सोडियम सावकाशच वर आणतात, २४ तासांत साधारण ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त नाही. हळूहळू उतरलेल्या सोडियमशी मेंदूने जुळवून घेतलेलं असतं, ते झटकन वर नेलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण सोलून निघू शकतं. तेव्हा "दोन दिवस झाले तरी नुसतं सलाईनच लावून ठेवलंय" म्हणून डॉक्टरवर चिडण्याआधी एकदा रिपोर्ट विचारून बघा.

ओळखायचं कसं? आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा, रविवार, शनिवार, शुक्रवार. एरवी जमणारं माणूस मध्येच हरवत असेल, सकाळी ठीक आणि तिन्हीसांजेला भलतंच बोलत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. दुबईवाल्या मुलालाही व्हिडिओ कॉलवर एवढं करता येतं. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या पुढचे ११.२ टक्के होते, देशात ८.६, आणि कितीतरी घरांत म्हातारी दोघंच. डिलिरियममध्ये आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात, फसवतो तो गप्प झोपून राहणारा. आजी शांत झाली म्हणून घर सुटकेचा श्वास टाकतं आणि तीन दिवस वाया जातात.

अॅडमिट केलं तर घरच्यांनाही काम आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या हॉस्पिटलात सत्तरीच्या पुढच्या ८५२ पेशंटांवर एक प्रयोग झाला, १९९९ साली छापून आला. चष्मा आणि कानातलं मशीन लावून ठेवणं, पाणी देणं, चालवणं, आज काय वार ते सांगत राहणं, रात्री झोपू देणं, औषध म्हणून काहीच नाही. डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. आपल्याकडे चष्मा हरवेल म्हणून तोच आधी घरी पाठवतात!

आणि जाताना गोळ्यांची सगळी पिशवी न्या, आयुर्वेदिक काढ्यासकट, जुना सोडियमचा रिपोर्ट असेल तर तोही. स्ट्रिपांचे फोटो मुलाच्या फोनवर टाकून ठेवा, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत "ती पिवळी, लहान, सकाळची" हे उत्तर चालत नाही.