सीनाकाठच्या गारगोट्या

लहानपणी लाईट गेली की आम्ही पोरं गोधडीत शिरायचो आणि दोन गारगोट्या कचाकचा एकमेकींवर घासायचो, आत पिवळट उजेड लुकलुकायचा आणि एक जळका वास यायचा, की आज्जी बाहेरून ओरडायची. याला ट्रायबोल्युमिनिसन्स म्हणतात हे लय नंतर कळलं. स्फटिक घासताना, फुटताना त्याच्यातले बंध तुटतात आणि त्यातून उजेड पडतो. ही साधी ठिणगी नव्हे, कारण पाण्याच्या बादलीत घासलं तरी गारगोटी चमकते, रात्री करून बघा.

पण आपल्या सोलापुरात सगळीकडं काळा दगड, मग ही पांढरी गार, म्हणजे गारगोटी, आली कुठून? तर साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला, थरावर थर, आज उरलेला पसाराच जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर आहे. लाव्ह्यात गॅस असतो, सोडा बाटलीत असतो तसा, तो वर यायला बघतो आणि दगड थंड होताना बुडबुडे आतच अडकतात. म्हणून खडी क्रशरवरचा काही दगड भोकाभोकाचा दिसतो. पुढं या भोकांतून पाणी झिरपत राहिलं, त्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे गार ज्याची बनते ते द्रव्य, भोकाच्या भिंतीला पातळ थरांनी बसत गेली, बाहेरून आत. हे थर दिसले की तो अकीक, लोह जास्त असलं की लालसर, आणि मध्ये पोकळी उरली तर तिथं टोकदार स्फटिक. काही भोकांत सिलिकेऐवजी झिओलाइट नावाची खनिजं भरतात, मोरपिसासारखी पसरलेली, त्यांचा खजिना बघायचा तर सिन्नरचं गारगोटी म्युझियम गाठा.

खरी गंमत पुढं आहे. काळा दगड कुजतो, त्याचीच आपली काळी माती होते, पण गार कुजत नाही, ती तशीच मागं राहते. म्हणून नांगरट झाली की रानात पांढरे खडे वर येतात आणि वडकबाळजवळ सीनेच्या वाळूत गुळगुळीत होऊन सापडतात.

ओळखायचं कसं? मोस या जर्मन माणसानं 1812 मध्ये कठीणपणाची 1 ते 10 अशी पट्टी केली, गार त्यात 7 वर, कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, 3 वर, काच साडेपाचच्या आसपास. गारगोटीनं बाटलीवर ओरखडा पडतो, कॅल्साइटनं पडत नाही. रानातला चुनखडीचा खडाही पांढराच दिसतो, त्यावर लिंबू पिळलं की फसफसतो, गार ढिम्म. हिऱ्याची स्वप्नं मात्र बघू नका, बाजारात याला फारसं कोणी विचारत नाही.

अमेरिकेत काही सरकारी जमिनींवरून अश्मीभूत, म्हणजे दगड झालेलं, लाकूड स्वतःसाठी दिवसाला 25 पौंड, वर्षाला 250 पौंडांपर्यंत फुकट नेता येतं. आपल्याकडं असं समजून पोतं घेऊन निघू नका, 1966 च्या जमीन महसूल संहितेनं खनिजांवर साधारण हक्क सरकारचा आहे, आणि 1927 च्या वन कायद्यात तर जंगलातला दगडसुद्धा वनोपज धरलाय. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून खडाही उचलायचा नाही. आणि पातळ, धारदार, मुद्दाम तासल्यासारखा तुकडा दिसला तर फोटो काढून तिथंच ठेवा, भीमा खोऱ्यात दगडी पाती बनवणारी माणसं राहून गेलीत, इनामगावला अशी पाती सापडलीत.

मी आपला शेतकऱ्याला विचारून बांधावरचे दोनचार खडे खिशात टाकतो. परवा एका मामांना विचारलं, "मामा, दोन खडे नेऊ का?" तर ते म्हणाले, "दोन कशाला, ट्रॉलीच आण की, फाळ बोथट होऊन वैताग आलाय."