कोपरातले पंधरा अंश

वीतभर तारेचा तुकडा घ्या, मधोमध तीसेक अंशांत वाकवा आणि टॉर्चच्या उजेडात भिंतीवर त्याची सावली पाडा. आता वाक तसाच ठेवून तार बोटांत फिरवा. सावली एका क्षणी वाकडी दिसेल आणि दुसऱ्या क्षणी सरळसोट. तार मात्र होती तेवढीच वाकलेली आहे. टीव्हीवर गोलंदाजाचा हात पाहून ‘हा फेकतोय’, म्हणजे चेंडू टाकताना वाकलेलं कोपर नियमाबाहेर सरळ करतोय, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याची फसगत होते ती इथेच. पडद्यावरचं चित्र म्हणजे त्रिमितीतल्या हाताची सपाट सावली. कायमचं वाकलेलं कोपर खांद्यातून गरकन फिरलं, तर त्या सावलीत हात झटक्यात सरळ झाल्याचा भास होतो.

श्रीलंकेचा फिरकी गोलंदाज मुथय्या मुरलीधरन याचं कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नाही. २६ डिसेंबर १९९५ रोजी मेलबर्न कसोटीत पंच डॅरेल हेअर यांनी त्याचे चेंडू नोबॉल ठरवले आणि हा प्रश्न मैदानातून प्रयोगशाळेत गेला. पर्थमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ब्रूस एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या हाताची त्रिमितीय मोजणी केली. क्रिकेटच्या नियमात पुढे जे बदल झाले, त्यांत अशा प्रयोगशाळांच्या कामाचा वाटा मोठा आहे. आधी वेगवान, मध्यमगती आणि फिरकी गोलंदाजांना कोपर सरळ करायला अनुक्रमे १०, ७.५ आणि ५ अंशांची मुभा होती. चांगल्या उपकरणांनी मोजायला सुरुवात झाली तेव्हा कळलं, की ज्यांच्या शैलीवर कोणी कधी बोट ठेवलं नव्हतं त्यांचंही कोपर चेंडू सोडताना थोडंफार सरळ होतंच. २००५पासून सगळ्यांसाठी एकच मर्यादा आली, १५ अंश.

हे पंधरा अंश नेमके कशाचे, याबद्दल फार गोंधळ आहे. कोपर किती वाकलेलं आहे, याला मर्यादाच नाही. दंड आडवा झाल्यापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत कोपर किती सरळ होतं, तेवढंच मोजायचं. एका गोलंदाजाचं कोपर सुरुवातीला २८ अंश वाकलेलं आहे आणि चेंडू सुटताना १७. फरक ११ अंश, म्हणजे चेंडू वैध. दुसऱ्याचं सुरुवातीला २० आणि सुटताना २. फरक १८, म्हणजे अवैध. शेवटच्या क्षणाचे दोघांचे फोटो शेजारी ठेवले, तर बहुतेक जण पहिल्यालाच दोषी ठरवतील. काहींचं कोपर सरळ रेषेच्या पलीकडे उलट्या बाजूलाही झुकतं. तो जास्तीचा झुकाव हिशेबात धरत नाहीत.

मोजणीसाठी गोलंदाजाच्या अंगावर परावर्तक थर दिलेले, सुमारे १४ मिलिमीटर व्यासाचे गोळे चिकटवतात. खांद्याच्या टोकावर, दंडावर तिघांचा गट, हाताच्या पुढच्या भागावर आणखी एक गट, मनगटाच्या दोन्ही बाजूंना एकेक. भोवती इन्फ्रारेड कॅमेरे असतात, ते सेकंदाला २५० किंवा त्याहून जास्त फ्रेम टिपतात. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर जातो. २५ फ्रेमच्या साध्या चित्रणात दोन फ्रेमच्या मध्ये तो दीड मीटर पुढे गेलेला असतो. २५० फ्रेममध्ये हे अंतर साधारण १५ सेंटिमीटरवर येतं. एक गोळा कमीत कमी दोन कॅमेऱ्यांना दिसला, तरच त्याची अवकाशातली जागा काढता येते. हात धडाआड गेला की काही कॅमेरे आंधळे होतात, म्हणून आठ-दहा किंवा त्याहून जास्त कॅमेरे लावावे लागतात.

खरी मेख कोपराच्या आसात, म्हणजे ते ज्या रेषेभोवती फिरतं तिच्यात आहे. कोपर म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. ते वाकतं आणि सरळ होतं, शिवाय त्याच सांध्यापासून हाताचा पुढचा भाग पिळतोही; तळहात वर-खाली करून पाहा, लगेच कळेल. त्यात बहुतेकांचा हात सरळ सोडला तरी कोपरापासून किंचित बाहेर वळलेला असतो. वाकणं, पीळ आणि हा बाहेरचा कल असे तीन कोन संगणकाला वेगळे करायचे असतात. वाकण्याचा आस त्याला दहा अंशांनी चुकीचा दिला, तर पीळ आणि कल यांचा काही भाग ‘सरळ होणं’ म्हणून नोंदला जातो. फिरकी गोलंदाज चेंडू सोडताना हात पिळतोच, त्यामुळे या चुकीचा फटका त्याला जास्त. यावर उपाय म्हणजे कोपराच्या हाडांवरचे उंचवटे चाचपून आस ठरवण्याऐवजी गोलंदाजाला कोपर सावकाश अनेकदा वाकवायला-सरळ करायला लावायचं आणि त्या हालचालीतून आसाची सरासरी जागा गणिताने काढायची. उंचवटे चाचपताना दोन परीक्षकांची बोटं एकाच जागी पडतीलच असं नाही. हालचालीतून काढलेला आस बोटांवर अवलंबून राहत नाही.

गोळे कातडीवर असतात, हाडावर नाही. दंडाचा स्नायू आवळला की कातडी सरकते आणि हाताच्या झटक्याने गोळे थरथरतात. ही थरथर काढायला आकडे गाळणीतून घालतात, म्हणजे जलद चढउतार कापतात आणि संथ बदल ठेवतात. गाळणी फार बारीक झाली, तर खरी हालचालही गाळली जाते आणि दोषी गोलंदाज निर्दोष दिसू शकतो. फार सैल ठेवली, तर थरथरच अंश बनून येते. चेंडू सुटण्याचा क्षण तर आणखी नाजूक. चेंडू सुटताच कोपराची हालचाल एकदम बदलते. गाळणी त्या क्षणाच्या आरपार फिरवली, तर सुटल्यानंतरची हालचाल सुटण्याआधीच्या आकड्यांत झिरपते. तो क्षण ठरवण्यातही गफलत होते. २५० फ्रेममध्ये एक फ्रेम ४ मिलिसेकंदांची; कोपर सेकंदाला ५०० अंशांच्या वेगाने सरळ होत असेल, तर एका फ्रेमची चूक म्हणजे दोन अंश. १५च्या मर्यादेपुढे १४ आणि १६ यांतला फरक एवढाच असतो.

मग सामन्यातच मोजता येणार नाही का? मनगटाला आणि दंडाला छोटे सेन्सर बांधायचे, ही कल्पना बरीच जुनी आहे आणि तिच्यावर विद्यापीठांत कामही झालं आहे. अडचण साध्या गुणाकारात दिसते. खांद्यापासून मनगट ६० सेंटिमीटरवर आहे आणि सेकंदाला २० मीटर वेगाने फिरतंय असं धरा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की केंद्राकडचं त्वरण सुमारे ६६७ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, म्हणजे गुरुत्वाच्या ६८ पट. मोबाइलमध्ये किंवा मनगटी घड्याळात असतो तसला सेन्सर बहुधा गुरुत्वाच्या १६ पटींपर्यंतच मोजतो. त्यापुढे आलेख डोकं छाटलेल्या डोंगरासारखा सपाट होतो आणि आपल्याला हवा असलेला क्षण नेमका त्या सपाटीत हरवतो. फिरण्याचा वेगही सेकंदाला १,९०० अंशांच्या घरात जातो, म्हणजे २,००० अंशांची मर्यादा असलेल्या जायरोस्कोपच्या (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) अगदी काठावर. जास्त पल्ल्याचे सेन्सर मिळतात, पण ते घातले तरी आसाचा आणि कातडीचा प्रश्न तसाच राहतो.

जमिनीवर बसवलेली फोर्स प्लेट त्या मानाने सोपी वाटते. तिच्यावर उभं राहून उडी मारायची, प्लेट पायाखालचं बळ सेकंदाला साधारण १,००० वेळा नोंदते. उडीच्या उंचीवरून पायांची ताकद, थकवा, दुखापतीनंतरची तयारी अशा अनेक गोष्टींचा अंदाज बांधतात. गणित शाळेतलंच आहे. बळातून वजन वजा करा, उरलेलं बळ वेळेनुसार बेरजेत घ्या, वस्तुमानाने भागा, जमीन सोडतानाचा वेग मिळतो. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट म्हणजे उंची. वेग २.५ मीटर प्रति सेकंद असेल, तर उंची सुमारे ३२ सेंटिमीटर.

चूक शिरते ती वजनातून. उडीआधी निदान एक सेकंद पुतळ्यासारखं उभं राहायचं असतं, त्या सेकंदाच्या सरासरीतून वजन ठरतं. खेळाडू चुळबुळला आणि ७० किलोच्या माणसाचं वजन ७ न्यूटनांनी, म्हणजे एका टक्क्याने कमी धरलं गेलं, तर ती चूक ०.८ सेकंदांच्या सबंध हालचालीत साठत जाते. ५.६ न्यूटन-सेकंद भागिले ७० म्हणजे वेगात ०.०८ची भर. उंची ३२वरून थेट ३४ सेंटिमीटर. न केलेल्या सरावाची दोन सेंटिमीटर कमाई! हात कमरेवर ठेवायला सांगतात तेही उगाच नाही. हात झोकून मारलेली उडी जास्त उंच जाते, आणि आज हात कमरेवर, उद्या मोकळे असं झालं तर दोन दिवसांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

प्लेट नसेल तर मोबाइलच्या चित्रणातून हवेतला वेळ मोजतात. गुरुत्वत्वरण गुणिले वेळेचा वर्ग भागिले ८ केलं की उंची मिळते. अर्धा सेकंद हवेत म्हणजे ३०.७ सेंटिमीटर. सेकंदाला २४० फ्रेम असतील, तर एका फ्रेमची चूक अर्ध्या सेंटिमीटरची; ३० फ्रेमच्या नेहमीच्या चित्रणात तीच चार सेंटिमीटर होते. शिवाय हे सूत्र उडताना आणि टेकताना शरीराची ठेवण सारखीच आहे असं गृहीत धरतं. गुडघे दुमडून उतरणारा खेळाडू २० मिलिसेकंद जास्त हवेत राहिला, तर त्याला अडीच सेंटिमीटर फुकटात मिळतात. खेळाडूंना हे फार लवकर उमगतं.

मोजमापाकडून आकडेशास्त्राकडे आलं की क्रिकेटमधलं सगळ्यांत परिचित उदाहरण डकवर्थ-लुईसचं, म्हणजे पावसाने सामना अडला की लक्ष्य नव्याने ठरवणाऱ्या पद्धतीचं. १९९२च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात पावसाने दक्षिण आफ्रिकेचं १३ चेंडूंत २२ धावांचं आव्हान एका चेंडूत २१ असं करून टाकलं. संख्याशास्त्रज्ञ फ्रँक डकवर्थ आणि विद्यापीठात शिकवणारे टोनी लुईस यांनी त्यावर काढलेली पद्धत १ जानेवारी १९९७ रोजी झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात पहिल्यांदा वापरली गेली. तिच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत, किती षटकं उरली आणि किती गडी हातात आहेत. पद्धत टिकली याचं एक कारण म्हणजे प्रश्न आटोपशीर होता आणि प्रत्येक सामन्यात त्याचं उत्तर धावफलकावर मिळत होतं.

दुखापतीच्या भाकिताला यातलं काहीच लाभलेलं नाही. समजा २५ खेळाडूंच्या संघाची २०० दिवसांची नोंद आहे, म्हणजे ५,००० ओळी, आणि त्यांत दुखापती ३०. ‘आज कोणालाही दुखापत होणार नाही’ एवढंच रोज बोलणारा पोपट ९९.४ टक्के वेळा बरोबर ठरेल. म्हणून अचूकतेची टक्केवारी मिरवणारं प्रारूप (जुन्या नोंदींवरून शिकून भाकीत करणारं संगणकी मॉडेल) दिसलं की आधी विचारावं, ३०पैकी किती पकडल्या आणि त्यासाठी किती वेळा उगाच घंटा वाजवली? समजा १८ पकडल्या, पण २०० वेळा इशारा देऊन. म्हणजे दर अकरा इशाऱ्यांत एकच खरा. कोणता प्रशिक्षक उरलेल्या दहा वेळा आपला चांगला खेळाडू बसवेल?

दुसरी खोट आतल्या बाजूला असते. ओळी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून काही शिकवायला आणि काही तपासायला ठेवल्या, की एकाच खेळाडूचा मंगळवार शिकवणीत आणि बुधवार परीक्षेत जातो. प्रारूप दुखापत ओळखायला शिकत नाही, खेळाडू ओळखायला शिकतं. दुखापतीच्या ओळी कमी म्हणून त्यांच्या नकला वाढवल्या आणि वाटणी नंतर केली, तर तीच दुखापत दोन्हीकडे जाते. प्रश्नपत्रिका फुटल्यावर येतात तसे घवघवीत गुण मिळतात. आधीचे महिने शिकवायला आणि नंतरचे तपासायला ठेवले, किंवा काही खेळाडू पूर्ण बाजूला काढले, तर हेच गुण बऱ्याचदा धाडकन खाली येतात.

सरावाचा भार मोजायची प्रचलित रीत साधी आणि चांगली आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनचे कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला ० ते १० या मापात ‘किती जड गेलं?’ विचारायचं आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. ९० मिनिटं आणि ६चा कस म्हणजे ५४० एकक. अडचण आली ती दुखापतीचा धोका ओळखायला यावर रचलेल्या गुणोत्तरात, म्हणजे शेवटच्या आठवड्याचा भार भागिले शेवटच्या चार आठवड्यांची सरासरी. तीन आठवडे १,५०० आणि चौथा ३,००० असेल, तर सरासरी १,८७५ आणि गुणोत्तर १.६. पण चौथा आठवडा वरही आहे आणि खालीही, त्यामुळे भाराची उडी स्वतःलाच झाकते. फक्त आधीच्या तीन आठवड्यांशी तुलना केली तर उत्तर २ येतं. गंमत त्यापुढे आहे. तीन आठवडे घरी बसलेल्या खेळाडूने चौथ्या आठवड्यात १०० एकक केले काय नि ३,००० केले काय, गुणोत्तर ४च येणार. हलकं चालून आलेला आणि जीव तोडून धावलेला, दोघांना एकच लाल दिवा.

आणि सरावाच्या नोंदीत एक रकाना बहुधा रिकामाच असतो. मांडी धरल्यासारखी वाटते म्हणून फिजिओने मंगळवारी कोणाला तरी बसवलं, भार शून्य नोंदला गेला, गुरुवारी तो स्नायू फाटला. आकड्यांत दिसतं ते एवढंच, की विश्रांतीनंतर दुखापत झाली. अशी आठ-दहा उदाहरणं मिळाली की प्रारूप विश्रांतीलाच धोका मानायला लागतं. शून्यासमोर ‘सुट्टी’, ‘प्रवास’, ‘मांडी दुखते’ यांपैकी काय ते दोन शब्दांत लिहिलेलं असेल, तरच ही गाठ सोडवता येते.