हिंगोलीचे आवाज, किल्लारी अन् आपल्या काळ्या फत्तराचा प्रवास

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून गेले असतील, हिंगोली, नांदेड, परभणीकडं बऱ्याच घरांत फळीवरची भांडी वाजली. ४.५ रिश्टरचा धक्का होता, अन् दहा-अकरा मिनिटांनी परत एक ३.६ चा. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५. वसमत-कळमनुरीकडच्या लोकांना हे नवीन नाही, तिथल्या काही गावांत कितीतरी वर्षांपासून जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज येतो, आधी लोकांना वाटायचं खदानीत सुरुंग उडवला असेल. नांदेड शहरातही २००६ नंतरची काही वर्षं असेच छोटे छोटे धक्के चालू होते. दर वेळी आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न येतो, की आपण तर हिमालयापासून इतके लांब, समुद्रापासूनही लांब, मग आपल्याकडं भूकंप का? त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागतं, म्हणजे खरं तर बरंच मागं.

आपल्याकडं विहीर खांदताना काय काय लागतं ते आठवा. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा फत्तर, अन् कुठं कुठं दोन फत्तरांच्या मधी लालसर मातीचा एक पट्टा लागतो. हा सगळा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, मग परत आला, असे थरावर थर. मधला लाल पट्टा म्हणजे एक थर थिजल्यावर पुढचा यायच्या आधी जो काळ गेला त्यात वरच्या दगडाची माती झाली ती. अजिंठा-वेरूळची लेणी याच दगडात कोरलीत, देवगिरीचा डोंगर याचाच, अन् आपली कापूस-तूर पिकवणारी काळी मातीही याचीच झीज. आज हा दगड ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

आता गंमत अशी की हा लाव्हा जेव्हा बाहेर आला तेव्हा मराठवाडा इथं नव्हताच. तो विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, आज मॉरिशसजवळ रियुनियन नावाचं बेट आहे, जिथं आजही ज्वालामुखी जिवंत आहे, साधारण त्या भागावरून भारताचा तुकडा उत्तरेला चालला होता अन् खालच्या त्याच उष्ण जागेवरून हा लाव्हा वर आला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

हे कळलं कसं, तो इतिहास मला सगळ्यात भारी वाटतो. जमीन सरकते हे पहिल्यांदा नीट मांडलं आल्फ्रेड वेगेनर या जर्मन माणसानं, १९१२ मध्ये, अन् तो भूशास्त्रज्ञ नव्हता, हवामानाचा अभ्यासक होता. दक्षिण अमेरिका अन् आफ्रिकेचे काठ जुळतात, दोन्हीकडं एकाच जातीचे जीवाश्म सापडतात, भारतात अन् दक्षिणेकडच्या खंडांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या एकाच झाडाची दगड झालेली पानं सापडतात, मग हे सगळं आधी एक असणार. त्या दक्षिणेकडच्या जुन्या खंडाला जगभर जे नाव चालतं ते गोंडवाना, म्हणजे आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं, अन् चंद्रपूरकडचा कोळसा त्याच गोंडवाना खडकांतला. पण एवढा मोठा खंड ढकलतं कोण, याचं पटेल असं उत्तर वेगेनरकडं नव्हतं, त्यामुळं मोठमोठ्या लोकांनी त्याचं म्हणणं उडवून लावलं. १९३० मध्ये ग्रीनलँडच्या बर्फात मोहिमेवर असताना तो गेला, पन्नाशी नुकतीच गाठली होती, अन् आपलं बरोबर होतं हे त्याला कधीच कळलं नाही. मला हे वाचून दर वेळी वाईट वाटतं.

पुढचा पुरावा थेट आपल्या फत्तरातून आला. लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे बारीक कण पृथ्वीच्या चुंबकाप्रमाणं एका दिशेला लागतात अन् तसेच थिजतात, म्हणजे प्रत्येक दगडात एक गोठलेलं होकायंत्रच म्हणा. ती सुई किती कललेली आहे यावरून दगड कुठल्या अक्षांशावर थिजला ते काढता येतं. १९५० च्या दशकात दख्खनचे दगड असे तपासले तेव्हा ते दक्षिण गोलार्धात थिजल्याचं निघालं, म्हणजे दगड इथं अन् त्यातली सुई सांगते की मी तिकडचा.

त्याच सुमाराला अमेरिकेत मेरी थार्प समुद्रतळाचे नकाशे काढत होती, बाई म्हणून तिला तेव्हा बोटीवरही जाऊ देत नव्हते, तर किनाऱ्यावर बसून आलेल्या आकड्यांवरून तिनं दाखवलं की अटलांटिकच्या मधोमध डोंगररांग आहे अन् रांगेच्या माथ्यावर लांबच लांब दरी आहे. १९६२ मध्ये हॅरी हेसनं सांगितलं की अशा रांगांमधून नवा समुद्रतळ तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकतो. १९६३ मध्ये व्हाइन अन् मॅथ्यूज या दोघांनी त्याला चुंबकीय पट्ट्यांचा पुरावा दिला, म्हणजे रांगेपासून लांब जावं तशी समुद्रतळाच्या दगडातली गोठलेली सुई पट्ट्यापट्ट्यानं उलटसुलट दिशा दाखवते, अन् तो काढला होता आपल्याच बाजूच्या समुद्रातल्या कार्ल्सबर्ग रांगेवरच्या मोजणीवरून. १९६७-६८ पर्यंत प्लेटचा सिद्धांत उभा राहिला, की पृथ्वीचं कवच तुकड्यातुकड्यांचं आहे, ते सरकतात, अन् भूकंप, ज्वालामुखी, डोंगर हे बहुतेक त्यांच्या कडांवर होतात.

भारताची प्लेट एका काळी वर्षाला १५ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त वेगानं उत्तरेला धावत होती, प्लेटच्या मानानं हा वेग फार झाला. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी ती आशियाला जाऊन भिडली, हिमालय उचलला गेला, वेग कमी झाला पण थांबली नाही, आजही ती वर्षाला ५ सेंटीमीटरच्या आसपास सरकते. किल्लारीच्या भूकंपाच्या साली, म्हणजे १९९३ ला, जन्मलेलं पोर आता तिशी ओलांडून गेलं, तेवढ्या वेळात आपली शेतं, विहिरी, देवळं सगळं दीड मीटर पुढं गेलंय.

आता ग्रुपवरच्या त्या प्रश्नाकडं. कडांवर भूकंप होतात हे खरं, म्हणून मधला भाग सुरक्षित असं धरलं गेलं, अन् १९९३ च्या आधी भूकंपाच्या सरकारी नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होती. पण पुढं हिमालयात अडलेल्या प्लेटचा दाब पूर्ण प्लेटमधून मागं येतो, अन् लाव्ह्याच्या खालच्या कितीतरी जुन्या खडकात जिथं आधीच चीर आहे तिथं तो साठत राहतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारीला छोटे धक्के बसतच होते. मग ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून दमून लोक झोपलेले, अन् ६.२ चा भूकंप. जवळपास १० हजार माणसं गेली, औसा अन् उमरग्याकडची गावंच्या गावं पडली. माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या पाण्यामुळं झालं असंही काही जण म्हणाले, त्यावर शास्त्रज्ञांत एकमत झालं नाही. नंतर किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल बोअर घेतला, तेव्हा ३३८ मीटरवर आपला काळा फत्तर संपला अन् पुढं अब्जावधी वर्षं जुना खडक लागला. २००२ च्या नकाशात पहिला झोनच काढून टाकला अन् किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला.

हिंगोलीच्या आवाजाचं म्हणाल तर धक्का फार खोल नसला की त्याची कंपनं जमिनीतून हवेत येऊन कानाला आवाजासारखी ऐकू येतात, धक्का जाणवलाही नाही तरी. उथळपणाच किल्लारीलाही नडला, ६.२ हा आकडा जगाच्या हिशोबात फार मोठा नाही, पण केंद्र उथळ अन् वर दगड-मातीची घरं. माझ्या मावशीचं सासर लोहाऱ्याकडं, ती सांगते की भिंत हातभर नाही, दोन-दोन हात जाड होती अन् सगळ्यांना वाटायचं एवढी जाड भिंत कशी पडेल. पण त्या भिंती म्हणजे दगडाच्या दोन फळ्या अन् मधी माती, दोन्ही फळ्यांना आरपार बांधणारा लांब दगड बहुतेक घरांत नव्हताच. हादरा बसला तशा दोन्ही फळ्या सुटल्या, अन् वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं.