गोड कणगां की काटेकणगां? कुत्र्याच्या बिनपिठाच्या खाऊसाठी काय चिरायचे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात डिसेंबरमध्ये नुसते ‘कणगां द्या’ (म्हणजे रताळी द्या) म्हटले की विकणारी बाय उलट विचारते, ‘खंयचीं जाय? गोड काय काट्याचीं?’ मी विचार न करता ‘दोन्ही द्या’ म्हटले. पिशवीत तिने झाडकणगांचा एक तुकडाही घातला, सासूबाईंना खतखत्याला, म्हणजे कंद घातलेल्या मिश्र भाजीला, लागतो म्हणून. घरी येऊन ओटा पुसला, सुरी घेतली आणि बंड्यासाठी चकत्या करायला बसले. बंड्या म्हणजे आमचा चौदा किलोचा गावठी कुत्रा. मोबाईलवरच्या कृतीत लिहिले होते: पातळ चकत्या करा, मंद आचेवर तीन तास सुकवा, झाला खाऊ. उकडणे नाही, पीठ नाही, काही नाही.

पहिली दोन रताळी झाली. तिसरा हातात आला तो झाडकणगांचा तुकडा. साल काढता काढता बोटांच्या बेचक्यात खाज सुटली आणि मी थांबले. माझ्या हाताला जे झाले ते बंड्याच्या जिभेला व्हायला वेळ लागला नसता.

घोळ नावातच आहे. गोव्याच्या कोकणीत रताळ्याला कणंग म्हणतात, अनेकवचनी कणगां. काटेकणगां आणि झाडकणगां यांच्याही नावात कणंग आहे, पण ती रताळ्याची भावंडे नाहीत, साधी लांबची नातलगही नाहीत. रताळे गारवेलीच्या कुळातले. त्याच्या फुलाकडे बघा, कुंपणावरची गारवेलच वाटेल. काटेकणगां आणि झाडकणगां हे कोनफळाच्या घराण्यातले कंद. खरे तर झाडकणंग म्हणजेच घाटावरचे कोनफळ.

मराठी माणसाने हिंदी व्हिडिओ बघून करायला घेतले तर आणखी एक खड्डा आहे. हिंदीतला ‘रतालू’ म्हणजे आपले रताळे नव्हे. तो जांभळा कोनफळ. आपल्या रताळ्याला हिंदीत शकरकंद म्हणतात. आणि अमेरिकन कृती वाचायला जावे तर तिथे ‘यॅम’ असा शब्द येतो. खरा यॅम हा कोनफळाच्या घराण्यातला. पण लुइझियानाच्या शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात आपली नारिंगी, ओलसर रताळी इतरांच्या कोरड्या, फिक्या रताळ्यांहून वेगळी दिसावीत म्हणून ती ‘यॅम’ नावाने विकायला सुरुवात केली, आणि ते नाव चिकटले. म्हणजे अमेरिकेतली बाई यॅम लिहिते तेव्हा तिच्या हातात बहुतेक वेळा रताळेच असते. आपण ते वाचून शब्दकोश उघडतो आणि बाजारात जाऊन काटेकणगां उचलतो.

(नावांचा हा खेळ जुनाच. ‘बटाटा’ हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांनी रताळ्यासाठी वापरलेला. पोर्तुगीजांच्या तोंडून तो आपल्याकडे आला, पण चिकटला भलत्याच कंदाला. रताळेही त्यांच्याच जहाजांतून आले, त्याला मात्र आपण घरचे नाव दिले.)

बाजारात दोन्ही ओळखणे मुळीच अवघड नाही, फक्त एकदा नीट बघितलेले असले पाहिजे. रताळे दोन्ही टोकांना निमुळते, साल पातळ आणि गुळगुळीत, लालसर किंवा पांढुरकी. कापले की पांढरा चीक येतो, तो खाजत नाही. काटेकणंग लहान, मुठीत मावेल एवढे, तपकिरी, अंगावर दाढी वाढल्यासारखी केसाळ मुळे. आत पांढरेशुभ्र, आणि कापल्यावर सुरीला बुळबुळीत लागते. वेल शेतात असेल तर प्रश्नच मिटला. रताळ्याचा वेल जमिनीवर पसरतो, काटेकणगांचा काठीवर चढतो आणि बुडाशी काटे असतात. नाव त्यावरूनच पडले. काटेकणगां पावसाळ्याच्या तोंडावर लावतात आणि वेल पिवळा पडला की काढतात, म्हणून ती थंडीतच दिसतात. गोड कणगां त्या मानाने वर्षभर कुठे ना कुठे मिळतात.

आता मुद्द्याचे. बिनपिठाचा खाऊ करायच्या मुख्य पद्धती दोन. एक, कच्च्या चकत्या थेट सुकवायच्या. दुसरी, उकडून, कुस्करून, अंड्यात बांधून भाजायच्या. पहिली पद्धत फक्त रताळ्याची आहे. कोनफळाच्या घराण्यातल्या कच्च्या कंदांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते हाताला, जिभेला, घशाला टोचतात. कुत्र्याला असे काही लागले की तो लाळ गाळतो, पंजाने तोंड घासतो, कधी उलटी करतो. मंद आचेवर सुकवणे म्हणजे शिजवणे नव्हे. चकतीतले पाणी जाते, पण कंद उकडल्यासारखा शिजत नाही. काटेकणगां झाडकणगांइतकी खाजरी नसतात, तरी माझ्या घरात एकच नियम आहे: ज्याच्या नावात काटे किंवा झाड आहे ते आधी मऊ होईपर्यंत उकडायचे आणि ते पाणी ओतून टाकायचे. करांद्यांच्या, म्हणजे याच घराण्यातल्या कडू कंदांच्या, वाटेला तर कुत्र्यासाठी जाऊच नका. त्यांचा कडूपणा घालवायला घरातल्या जुन्या बायकांना केवढा खटाटोप करावा लागतो ते माहीत असेलच.

रताळ्याचे असे नाही, पण त्याचीही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. काळे डाग पडलेले, बुरशी आलेले किंवा सोंड्या भुंग्याने पोखरलेले रताळे कडू लागते. कीड किंवा बुरशी लागली की रताळे स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्ये तयार करते, त्यांचा तो कडूपणा. बुरशीच्या रताळ्यात त्यातूनच फुप्फुसाला घातक विषही तयार होते. असली रताळी खाऊन गुरे श्वास लागून दगावल्याच्या नोंदी आहेत. उकडून किंवा भाजून ते जाईल असे धरून चालू नये. आपण कडू लागले की थुंकतो, कुत्रा गिळून मोकळा होतो. किडके रताळे ‘कुत्र्याला चालेल’ म्हणून बाजूला ठेवायची आपल्याकडे सवय असते. मी पूर्वी ठेवायची. आता ते खतात जाते, भाग कापून नव्हे, पूर्ण.

चवीचा फरक कुठून येतो तेही सांगते, कारण खाऊ करताना तो हाताला लागतो. रताळ्यात एक विकर (एन्झाइम) असते. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते पिष्टाचे (स्टार्चचे) माल्टोज साखरेत रूपांतर करते. म्हणून घाईत शिजवलेल्या रताळ्यापेक्षा निखाऱ्यात सावकाश भाजलेले गोड लागते. ओव्हनमध्ये चकत्या हळूहळू तापतात तेव्हाही हेच होते, आणि चकती चिवट, चामड्यासारखी, किंचित चिकट बनते. कुत्र्याला चघळायला तीच हवी असते. काटेकणंगात असे काही फारसे होत नाही. ते पिठूळ आणि सौम्य राहते. उकडून सुकवले तर चकती कुडकुडीत होते आणि कडक धारेने तुटते, बंड्या ती चघळत नाही, फोडतो. लहान तुकडे घशात अडकायची भीती वाटते. मात्र कुस्करून बिस्किटे करायची तर तेच पिठूळपण उपयोगी पडते. रताळ्याचा लगदा ओला असतो, बिनपिठाचा तो ताटलीत पसरतो. काटेकणंगाचा लगदा एका अंड्यात घट्ट बांधला जातो.

पौष्टिकतेत तोंडी लावण्यापुरता फरक. १०० ग्रॅम कच्च्या रताळ्यात साधारण ८६ कॅलरी, कोनफळवर्गीय कंदात साधारण ११८. पोटॅशियम मात्र या कंदात दुपटीहून अधिक, त्यामुळे मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला काटेकणगां पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये. नारिंगी गराच्या रताळ्यात बीटा कॅरोटिन भरपूर, आणि माणसाप्रमाणे कुत्रा त्याचे अ जीवनसत्त्व करू शकतो (मांजर करू शकत नाही). पण आपल्या बाजारातली लाल सालीची रताळी आतून पांढरीच असतात, तेव्हा त्यांच्यावर नारिंगी रताळ्याचे गुण चिकटवण्यात अर्थ नाही. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेची ‘भू सोना’ ही नारिंगी जात आहे, मिळाली तर उत्तम. दोहोंतही पिष्ट आहे, आणि मधुमेही किंवा लघवीत खडे होणाऱ्या कुत्र्याला दोन्ही पशुवैद्यांना विचारूनच.

इथे ‘बिनपिठाचे’ या शब्दाबद्दल थोडे. पिठाला कुत्र्यांच्या जगात हल्ली खलनायक केले आहे. पण २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त सापडल्या. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे वाढल्याचा तो परिणाम दिसतो. गव्हाची अ‍ॅलर्जी काही कुत्र्यांना असते, पण गोमांस, दूध, कोंबडी यांची जास्त आढळते. मी बिनपिठाचा खाऊ करते कारण बंड्याला गव्हाने कान खाजतात, तत्त्व म्हणून नव्हे. आणि गव्हाऐवजी बेसन घालून ‘पीठ नाही’ म्हणणाऱ्या कृतींचे काय करावे? बेसन म्हणजे काय असते मग?

विकतचा खाऊ न आणण्याचे कारण वेगळे. २००७ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे चीनमधून येणाऱ्या सुकवलेल्या खाऊबद्दल आजाराच्या तक्रारी येत गेल्या. त्यात कोंबडीचा, बदकाचा आणि रताळ्याचाही खाऊ होता. मूत्रपिंडाच्या त्रासाची बरीच प्रकरणे नोंदली गेली, नेमके कारण शेवटपर्यंत सापडले नाही. घरी केले की आत काय आहे ते तरी आपल्याला माहीत असते.

माझी पद्धत अशी. अर्धा किलो गोड कणगां घासून धुवायची, साल ठेवायची, बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीच्या लांबट चकत्या. ओटीजी १२० अंशावर, जाळीवर एकमेकींना न चिकटवता, तीन तास, मध्ये एकदा उलटून. वाकवल्यावर तुटली नाही पण चिकटही राहिली नाही की झाली. अर्ध्या किलोचे साधारण सव्वाशे ग्रॅम उरते. साखर, मीठ, गूळ, तूप काही नको, आणि मनुका, कांदा, लसूण यांचा तर वाराही लागू देऊ नये.

बिस्किटांसाठी पाव किलो काटेकणगां चांगली उकडून सोलायची, सोलताना केस आणि साल पूर्ण काढायची. कुस्करून एक अंडे घालायचे, आणि असेल तर काटे काढलेला बिनमिठाचा उकडलेला बांगडा. काटे दोनदा बोटांनी चाचपायचे, मग पुन्हा एकदा. छोट्या चकत्या थापून १८० अंशावर वीस-पंचवीस मिनिटे. सोमवारी ही बिस्किटे आमच्या ओव्हनमध्ये जात नाहीत. सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहाराचा, आणि सासूबाईंच्या मते ओव्हनलाही तो लागू आहे. त्या दिवशी बंड्याला रताळ्याची चकती.

किती द्यायची? खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसावा असा संकेत आहे. बंड्याच्या वजनाला दिवसाला साधारण आठशे कॅलरी धरल्या तर खाऊच्या वाट्याला ऐंशी येतात. सुकल्यावर तीन ग्रॅमची एक चकती दहा कॅलरींच्या आसपास जाते, म्हणजे फार तर सात-आठ. मी तीन देते, कारण पाणी गेल्यावर चकती छोटी दिसते पण आत तेवढेच रताळे असते, आणि जास्त झाले की सकाळी अंगणात त्याचा हिशेब दिसतो.

उन्हात सुकवायचे म्हणाल तर मार्च ते मे ठीक. आमच्याकडे पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) सोलां, म्हणजे आमसुले, त्याच वेळी खळ्यात पसरलेली असतात, त्यांच्या बाजूला एक सूप रताळ्याचे, वर जाळी. पण त्या चकत्या पातळ हव्या आणि शेवटी अर्धा तास ओटीजीत घालायच्याच. जूननंतर हवेला इतका ओलावा असतो की बरणीत ठेवलेली चकती तिसऱ्या दिवशी मऊ पडते आणि पाचव्या दिवशी काठाला पांढरट बुरशी धरते. त्यामुळे पावसात एका वेळी पाव किलोच करावे, दोन दिवसांचे बाहेर ठेवून बाकीचे फ्रीजरमध्ये. आणि बाजारात नाव सांगताना ‘गोड’ हा शब्द आधी उच्चारावा.