सांगोल्याच्या अकरा आमदारक्या

सोलापूर जिल्ह्यात आमदारकीची वाट सहसा साखर कारखान्यातून जाते. अकलूज, माढा, पंढरपूर, जिकडे जाल तिकडे चेअरमन आधी, आमदार मागाहून. सांगोल्याचं तसं झालं नाही, कारण तिथे मुळात उसाला पाणीच नव्हतं. भाई गणपतराव देशमुखांची कारकीर्द समजून घ्यायची तर हा कोरडेपणा आधी लक्षात घ्यावा लागतो.

मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, पेशाने वकील. 1962 साली ते शेतकरी कामगार पक्षातर्फे (शेकाप) सांगोल्यातून निवडून आले आणि 1967 ला पुन्हा. 1972 ला पडले, पण 1974 च्या पोटनिवडणुकीत परतले. त्याच वर्षी करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून सुशीलकुमार शिंदे पहिल्यांदा विधानसभेत गेले. एकाच जिल्ह्यातले हे दोघे. शिंदे मुख्यमंत्रिपद आणि दिल्लीच्या गृहखात्यापर्यंत पोहोचले, देशमुख सांगोल्यातच राहिले. 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009 आणि 2014 धरून आकडा अकरावर गेला. पक्ष मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच.

मंत्रिपद दोनदा मिळालं: 1978 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात आणि 1999 ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात, पणन आणि रोजगार हमी ही खाती. 2002 ला शेकापने पाठिंबा काढला, तशी खुर्चीही गेली. मंत्री म्हणून त्यांची आठवण तालुक्यात फारशी कोणी काढत नाही. काढतात ती लाल डब्याची. एसटीत आमदार-खासदारांसाठी राखीव जागा असते; बऱ्याच गाड्यांत त्या सीटवर आमदार बसलेला कोणी पाहिलेला नसतो. सांगोल्याच्या लोकांनी पाहिला होता. या साधेपणाचं कौतुक वर्तमानपत्रांनी इतकं केलं की खरं काम त्याखाली झाकलं गेलं, असं मला वाटतं.

ते काम पाण्याचं. नीरा उजवा कालवा फलटण, माळशिरस, पंढरपूर करत सांगोल्याकडे येतो, म्हणजे तालुका कालव्याच्या टेलला, शेवटच्या टोकाला. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं तरी वरच्यांचं भागल्यावर खाली किती उरणार? कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू आणि म्हैसाळ योजनांतही सांगोला शेवटीच. पाणी चळवळीतले नेते नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर देशमुख आटपाडीच्या पाणी परिषदेत उभे राहिले ते यासाठीच. 1996 ला कृष्णा खोरे महामंडळ झालं, कारण कृष्णा पाणीतंटा लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेलं पाणी 2000 सालच्या मे अखेरपर्यंत अडवायचं होतं. त्या घाईत दुष्काळी तालुके विसरले जाऊ नयेत, हा या परिषदांचा धोशा होता. मधल्या काळात तालुका डाळिंबावर जगला, आणि साखर कारखान्याऐवजी देशमुखांनी सहकारी सूतगिरणी उभी केली.

तरीही सांगोला कधी एकहाती नव्हता. 1995 ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना 192 मतांनी पाडलं. नंतरच्या बहुतेक लढती याच दोघांत झाल्या. अकरा विजयांच्या यादीत ही झुंज दिसत नाही, आणि देशमुखांना 'अजिंक्य' म्हणणारे ती सोयीने गाळतात. 2019 ला वयामुळे ते थांबले, नातू अनिकेत उभे राहिले आणि 768 मतांनी हरले. जिंकलेले पुन्हा शहाजीबापूच. 'काय झाडी, काय डोंगार' म्हणून 2022 ला महाराष्ट्रभर गाजले ते हेच, पण सांगोल्याने त्यांना त्याआधी पंचवीस-तीस वर्षं ऐकलं होतं.

30 जुलै 2021 रोजी सोलापुरात गणपतरावांचं निधन झालं. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना हरवलं. महाविकास आघाडीतल्या ठाकरेंच्या शिवसेनेचाही उमेदवार समोर असताना शेकापने ही जागा घेतली. त्या निवडणुकीत राज्यभरातून पक्षाचा निवडून आलेला आमदार हा एकच.